दातांचा एक्स-रे दुसऱ्यांदा काढायला लागू नये म्हणून

खानापुरात दाढेचा एक्स-रे काढायचा, रूट कॅनलसाठी बेळगावला जायचं आणि तिथे पुन्हा तोच एक्स-रे. आमच्या आईचं असंच झालं. एका दातामागचं रेडिएशन फारच थोडं, साधारण 5 मायक्रोसिव्हर्ट, पण जे टाळता येतं ते कशाला घ्यायचं? आणि पैसेही दोनदा.

१. एक्स-रे डिजिटल असेल तर मूळ फाइल मागा. स्क्रीनचा फोटो काढून भागवू नका. व्हॉट्सॲपवर घेताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा; फोटो म्हणून आला की बारीक तपशील जातात, आणि नेमके तेच पाहायचे असतात.

२. छोटी फिल्म असेल तर तीच मागून घ्या, पाकिटावर तारीख आणि कुठली दाढ ते लिहा.

३. निपाणी, कोल्हापूर, कुठेही गेलात तरी खुर्चीत बसताच, "डॉक्टर, आधीचा एक्स-रे आहे," हे पहिलं सांगा.

पूर्ण जबड्याचा एक्स-रे (ओपीजी) असेल तर कानातलं, नथ, गळ्यातलं, काढता येणारी कवळी आधीच काढून ठेवा आणि मशीन फिरताना अजिबात हलू नका. धातूची सावली पडली किंवा चित्र हललं की परत काढावा लागतो.

जुना एक्स-रे आहे म्हणून नव्याला हट्टाने नकार मात्र देऊ नका. मध्ये सूज आली, ठणका वाढला तर नवा लागतोच. गरोदर असाल तर आधी सांगा.