पद्मिनीचं वायरिंग: मंद हेडलाइट, गरम स्विच

गाडी जुनी प्रीमियर पद्मिनी. इंजिन बंद, अप्पर (लांबचा झोत) लावून बॅटरीवर १२.४ व्होल्ट, बल्बच्या पिनवर जेमतेम १०.८. बाकीचे व्होल्ट जुनी वायर आणि स्विच खात होते.

बॅटरीची निगेटिव्ह सोडून हार्नेस (गाडीच्या वायरींचा जुडगा) न कापता अख्खा काढला, दोन्ही टोकांना चिठ्ठ्या लावल्या, प्लायवर खिळे ठोकून त्याच मापाचा नवा बांधला. हेडलाइटला २.५ चौरस मिमी तांब्याची मल्टिस्ट्रँड, बारीक दिव्यांना १.

६०/५५ वॉटचे दोन बल्ब अप्परवर १० अँपिअर खेचतात. एवढा करंट स्विचमधून नेणं हीच मूळ चूक. म्हणून अप्पर-डिपरला वेगळे ३० अँपिअरचे रिले (स्विचच्या बारीक करंटवर चालून मोठा करंट जोडणारे): रिलेच्या ३० नंबरच्या पिनला बॅटरीकडून १५ अँपिअर फ्यूजमधून सप्लाय, ८७ वरून बल्ब, ८६ ला स्विचची जुनी वायर, ८५ अर्थला, म्हणजे गाडीच्या पत्र्याला. फ्यूज बॅटरीला लागूनच हवा. लांब बसवला आणि मधली वायर पत्र्याला घासली, तर आगच.

अर्थकडे बहुतेक जण बघतच नाहीत! रंग खरवडून उघड्या पत्र्यावर स्टार वॉशर, वर पेट्रोलियम जेली. इंजिन-बॉडीचा पट्टाही नवा. जोड पिळून टेप मारू नका, लग (वायरच्या टोकाची धातूची टोपी) दाबून क्रिंप करा. फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) भोकात रबरी ग्रोमेट, म्हणजे वायर घासू न देणारी रिंग, विसरू नका.

आता बल्बवर १२.१.