कापसाचे जुने कायदे कसे वाचायचे, मुंबईत बसून

हार्बर लाइनने रे रोड सोडलं की पुढचं स्टेशन कॉटन ग्रीन. ग्रीन म्हणजे मोकळं मैदान, जिथे कापसाच्या गाठी रचून ठेवायचे. आधी ते टाऊन हॉलसमोर होतं, म्हणजे आजचं हॉर्निमन सर्कल, तिथून १८४४ मध्ये कुलाब्याला गेलं आणि १९२० च्या दशकात पोर्ट ट्रस्टने शिवडीकडे आणलं. माझे आजोबा तिथल्याच गोदामात गाठी उचलायचे, त्यांचा लोखंडी हूक अजून आमच्या घरी माळ्यावर आहे, लाकडी मूठ घासून घासून मधे पातळ झालेली. त्यामुळे हा विषय मला फक्त परीक्षेपुरता वाटत नाही आणि कुणी विचारलं की "इंग्रज सरकारने कापसाच्या निर्यातीसाठी कायदे काय केले, सवलती काय दिल्या, यावर प्रोजेक्ट आहे, सुरुवात कुठून करू" तर मी पुढे लिहिलंय तेच सांगतो.

पहिली गोष्ट, कायदा पहिल्या पानापासून वाचू नका. प्रस्तावनेत सगळं गोड लिहिलेलं असतं, व्यापाराचं हित वगैरे. सरळ शिक्षेच्या कलमांवर जा. ज्याला शिक्षा ठेवलीय ते त्या काळी बाजारात रोज चालत होतं, हे धरूनच चाला. सुरुवातीला मुंबई सरकारचा १८६३ चा नववा कायदा घ्या, कापसातली लबाडी रोखण्याचा. १८२९ मध्येही असाच एक नियम केला होता, म्हणजे रोग जुनाच होता. पण १८६३ चा कायदा महत्त्वाचा अशासाठी की मुंबईचं कायदे कौन्सिल त्याच्या आदल्याच वर्षी बसायला लागलं होतं, जगन्नाथ शंकरशेट त्यात मेंबर होते, आणि इतक्या नव्या कौन्सिलने इतक्या लवकर हातात घेतलेला विषय कुठला, तर कापूस.

आता लबाडी कसली ते समजून घ्या, कारण पुस्तकांत "भेसळ" एवढा एकच शब्द लिहून पुढे जातात. रुईत, म्हणजे साफ केलेल्या कापसात, सरकी तशीच राहू द्यायची, पाला आणि धूळ मिसळायची, पाणी मारून वजन वाढवायचं, आणि सगळ्यात नुकसानीचं म्हणजे आखूड धाग्याचा हलका माल लांब धाग्याच्या चांगल्या मालात घालून एकच गाठ बांधायची. गाठ एकदा दाबली की आत काय आहे ते इथे कुणाला दिसत नाही, ती फुटते थेट इंग्लंडात, लँकेशायरच्या गिरणीत. तिथे पश्चिम हिंदुस्थानातल्या सगळ्या कापसाला सरसकट "सुरत" म्हणायचे आणि कामगारांना तो नकोसा असायचा कारण धागा सारखा तुटायचा. म्हणून कायद्याने काय केलं, तर इन्स्पेक्टर नेमले, गाठी दाबणाऱ्या प्रेसला लायसन लावलं, प्रत्येक गाठीवर प्रेसचा शिक्का सक्तीचा केला म्हणजे गाठ कुठे दाबली ते मागे शोधता यावं, आणि या खात्याचा खर्च निर्यातीच्या गाठींवर फी लावून काढला.

दुसरी गोष्ट, कायद्याशेजारी कॅलेंडर ठेवा. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं, दक्षिणेकडची बंदरं अडवलेली, आणि लँकेशायरला कापूस हवा होता, कसाही चालेल पण हवा. मुंबईत भाव कित्येक पटींनी चढले, लोक गाद्या-उशांतला कापूससुद्धा विकत होते असं सांगतात, आणि आलेला पैसा शेअर आणि समुद्र भरून जमीन काढणाऱ्या कंपन्यांत गेला. १८६५ च्या एप्रिलमध्ये दक्षिणेचा सेनापती ली याने शरणागती पत्करली आणि १ जुलैला मुदतीचे सौदे पुरे करायचा दिवस आला तेव्हा बाजार कोसळला. कापसाचे बडे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांचं नाव याच गोष्टीत येतं, राजाबाई टॉवर त्यांच्याच देणगीतून उभा राहिला. ही तेजी-मंदी मात्र चार ओळींत उरका. सगळे विद्यार्थी इथेच रमतात आणि कायदा बाजूला राहतो.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आणि इथेच वेळ घाला. एका कोऱ्या कागदाच्या मधोमध रेघ मारा, डावीकडे "शिक्षा कुणाला" आणि उजवीकडे "पैसा कुणाला" असं लिहा. डाव्या बाजूला जे येतील ते गावाकडचे किंवा बाजारातले, शेतकरी, रेचा चालवून सरकी काढणारा, अडत्या, प्रेसवाला. उजव्या बाजूला आगगाडीच्या कंपन्या लिहा, जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) आणि बीबीसीआय (बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया), ज्यांच्या भागधारकांना सरकारने पाच टक्के परताव्याची हमी दिली होती, गाडी तोट्यात चालली तरी फरक हिंदुस्थानच्या तिजोरीतून भरायचा, आणि त्या तिजोरीत मोठा वाटा जमीनमहसुलाचा. म्हणजे शेतकऱ्याच्या साऱ्यातून हमी भरली जायची आणि त्याच्याच कापसाला बंदरापर्यंत न्यायची सोय व्हायची. वऱ्हाडचा कापूस मुंबईला यावा म्हणून खामगावला फाटा काढला तो १८७० चा. १८४० मध्ये अमेरिकेतून दहा प्लँटर, म्हणजे कापसाचे मळेवाले, आणले होते शेती शिकवायला, तोही खर्च उजव्या बाजूलाच टाका, त्या प्रयोगातून धारवाडकडे न्यू ऑर्लिन्सचं बी बऱ्यापैकी रुजलं, बाकी बहुतेक फसलं.

हा कागद भरला की १८६३ चा कायदा का चालला नाही ते आपोआप कळतं. माल वजनावर विकला जायचा, स्वच्छ कापूस आणणाऱ्याला वरचा भाव हातात पडत नव्हता, वरचा भाव मधल्यामधे मुरायचा, मग शेतकऱ्याने रात्रभर बसून कवडी-कचरा निवडायचा तो कशासाठी? माझं मत स्पष्ट आहे, जिथे चांगल्या मालाला भाव नाही तिथे इन्स्पेक्टर वाढवून माल सुधारत नाही. पुढे व्यापारी मंडळींनाही तो कायदा जाच वाटायला लागला, १८७८ मध्ये नवा कायदा केला आणि १८८० च्या दशकात ते खातंच गुंडाळलं.

त्याच कागदावर खाली दोन नोंदी करा. एक, १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला सुरू झालेला दंगा, जिथे शेतकऱ्यांनी सावकारांकडची कर्जखतं जाळली. कापसाचा भाव पडला, सारा वाढवला, कर्ज मिळेना, ही त्यामागची कारणं आणि १८७९ चा शेतकऱ्यांच्या कर्जाचा कायदा त्यातूनच आला. दोन, १८९६ मध्ये इथल्या गिरण्यांच्या कापडावर बसवलेली साडेतीन टक्के अबकारी, जी १९२५ च्या अखेरीपर्यंत वसूल होत होती. कच्चा कापूस बाहेर जायला मदत आणि इथे विणलं तर कर, हे दोन्ही एकत्र ठेवल्याशिवाय "प्रोत्साहन" हा शब्द वापरू नका.

मग १९२० च्या दशकातले कायदे वाचा, ते पुष्कळ शहाणे आहेत. १९२३ चा वाहतुकीचा कायदा सांगतो की चांगल्या कापसाच्या ठरवलेल्या भागात बाहेरचा हलका कापूस रेल्वेने आणायचा नाही, म्हणजे भेसळीचा मालच तिथे पोचू नये. १९२५ च्या कायद्याने जिनिंग-प्रेसिंग फॅक्टऱ्यांना, म्हणजे सरकी काढणाऱ्या आणि गाठी दाबणाऱ्या कारखान्यांना, नोंदवह्या ठेवायला लावल्या आणि गाठीवर खूण आणि नंबर घालायला लावला. आणि १९२३ च्याच कापूस सेसमधून, म्हणजे कापसावरच्या उपकरातून, इंडियन सेंट्रल कॉटन कमिटीला पैसा मिळाला, तिची प्रयोगशाळा १९२४ ला माटुंग्याला निघाली, ती आजही आहे, नाव बदललंय एवढंच. १८६३ शी तुलना करताना एवढंच बघा की पकडण्याची जागा शेतातून आणि बाजारातून फॅक्टरीच्या दारात कशी सरकली.

आकड्यांबद्दल एक सूचना, इथे हमखास चुका होतात. जुन्या रिपोर्टात भाव खंडीचा, म्हणजे वजनाच्या एका जुन्या मापाचा, असतो आणि मुंबईची कापसाची खंडी म्हणजे ७८४ पौंड. बाकी मालाची खंडी वेगळी असते, ती लावलीत तर सगळा हिशोब चुकेल. गंमत म्हणजे आजही बाजारात कापसाचा भाव ३५६ किलोच्या खंडीवर सांगतात, ते त्याच ७८४ पौंडांचं किलोतलं रूप आहे. गाठ अर्ध्या खंडीची, ३९२ पौंडांची. रिपोर्टात कुठे नुसतं "बेल", म्हणजे गाठ, लिहिलेलं असेल तर वजन तिथेच दिलंय का ते आधी शोधा, मगच गुणाकार करा.

शेवटी कागद कुठे मिळतील. काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे, तिथे महसूल खात्याच्या फाइली मागा, "कापूस" हा विषय आणि वर्ष सांगून. कॉलेजचं पत्र आणि ओळखपत्र सोबत ठेवा. टाऊन हॉलमधल्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात छापील रिपोर्ट बघा, त्यात जॉर्ज फोर्ब्स यांचं नाव दिसेल, ते १८६३ नंतर मुंबई इलाख्याचे कापूस कमिशनर होते आणि त्याआधी धारवाडला जिन सुधारण्याच्या कामावर. वऱ्हाडासाठी तिथले कापूस कमिशनर रिव्हेट-कार्नॅक यांचे रिपोर्ट मागा. पान जुनं असतं, कडा हाताला चुरतात, तेव्हा पेन्सिलच न्या आणि पान उलटताना खालच्या कोपऱ्याऐवजी वरच्या कोपऱ्याला धरा. एका दिवसात एकच फाइल पुरे, पण ती समासातल्या शेऱ्यांसकट वाचा, कारण कलेक्टरने वर पाठवलेल्या पत्राच्या बाजूला सेक्रेटरीने शाईत लिहिलेल्या दोन ओळींत खरा निर्णय असतो.