दुसरा ट्रंक जोडण्याआधी: फेलओव्हर आणि वेटेज

ट्रंक म्हणजे पुरवठादाराकडून नेटवर्कवरून मिळणारी एसआयपी (कॉल जोडण्या-तोडण्याचे नियम) फोन-जोडणी. एक ट्रंक पडला की कॉल दुसऱ्यावर वळवणं म्हणजे फेलओव्हर, आणि कुठल्या ट्रंकवर किती टक्के कॉल जावेत ते वेटेज. कॉन्फिगरेशनला हात लावण्याआधी दोन आकडे काढून ठेवा: गर्दीच्या तासाला एकाच वेळी किती कॉल चालू असतात आणि सेकंदाला किती नवे कॉल सुटतात. दोन्हींची कमाल मर्यादा प्रत्येक पुरवठादाराकडून लेखी घ्या. वेटेज ७०-३० ठेवलं तरी ७० वाला पडला की सगळा भार ३० वाल्यावर येतो, त्यामुळे प्रत्येक ट्रंक एकट्याने पुरून उरला पाहिजे. बँडविड्थही त्याच हिशोबाने धरा. जी-७११ (आवाज डिजिटल करण्याची एक पद्धत) वापरणारा एक कॉल इथरनेटवर दर दिशेला सुमारे ८७ केबीपीएस खातो.

डीएनएसच्या एसआरव्ही नोंदींतून (कुठला सर्व्हर कोणत्या क्रमाने वापरायचा हे सांगणाऱ्या नोंदी) वाटणी करणार असाल तर प्रायॉरिटी आणि वेट यांची गल्लत टाळा. लहान आकड्याची प्रायॉरिटी आधी वापरली जाते आणि वेट फक्त सारख्या प्रायॉरिटीच्या नोंदींमध्येच चालतं. एकाला १०, दुसऱ्याला २० प्रायॉरिटी दिली की वेट कितीही लिहा, वाटणी होणारच नाही.

आता टायमर, कारण बहुतेक फेलओव्हर इथेच फसतात. ट्रंक गप्प असेल तर यूडीपीवर (पोच न मागता पाठवण्याची पद्धत) इन्व्हाइट, म्हणजे कॉल सुरू करण्याची विनंती, पुन्हा पुन्हा जात राहतो आणि मानक मुदतीप्रमाणे ३२ सेकंदांनी प्रयत्न सोडला जातो. तोवर कॉल करणाऱ्याने फोन ठेवलेला असतो. पहिल्या उत्तराची मुदत २-३ सेकंदांवर आणा. रिंग वाजत राहण्याची मुदत वेगळी असते, तिला हात लावू नका. '१०० ट्रायिंग' (विनंती मिळाली, प्रयत्न चालू आहे) असं उत्तर देऊन पुढे गप्प बसणारा ट्रंक या लहान मुदतीत सापडत नाही, त्याच्यासाठी वेगळी मर्यादा लागते.

कुठल्या उत्तरावर दुसरीकडे वळायचं हेही आधीच ठरवा. उत्तरच न येणं, ५०० (सर्व्हरमधली चूक) आणि ५०३ (सेवा उपलब्ध नाही) यांवर वळा. ४८६ (फोन व्यस्त) आणि ६०३ (कॉल नाकारला) वर मुळीच नको. नाहीतर फोनवर बोलत असलेल्या किंवा कॉल नाकारलेल्या माणसाला तोच कॉल दुसऱ्या वाटेने पुन्हा जातो. वळताना नंबर मूळ रूपातून नव्याने घडवा. एका ट्रंकला अधिकचिन्हासह नंबर हवा असतो, दुसऱ्याला बिनचिन्हाचा, आणि पहिल्यासाठी केलेला बदल तसाच पुढे गेला तर दुसराही कॉल नाकारतो.

ऑप्शन्सचं पिंग (ट्रंक जिवंत आहे का हे विचारणारी विनंती) १० ते ३० सेकंदांनी पाठवा. ओळीने तीन चुकले की ट्रंक बंद समजा, आणि परत घेतानाही ओळीने दोन-तीन उत्तरं येऊ द्या, नाहीतर तो सारखा आतबाहेर करत राहील. पिंगला २०० (सगळं ठीक) येतं म्हणून कॉल जातीलच असं नाही. खऱ्या कॉलवरच्या ५०३ चं प्रमाणही मोजा.

चालू कॉलचा बाय (कॉल संपवण्याची विनंती) किंवा री-इन्व्हाइट (चालू कॉलमध्ये बदलाची विनंती) पुन्हा वेटेजच्या वाटणीत जाऊ देऊ नका, तो मूळ ट्रंककडेच गेला पाहिजे. चुकला तर कॉल लटकत राहतात आणि बिल वाढतं.

चाचणीत फायरवॉलवर रिजेक्ट (नकार कळवणं) आणि ड्रॉप (काही न कळवता टाकून देणं) दोन्ही लावून बघा. रिजेक्टला लगेच चूक कळू शकते. टायमरची खरी परीक्षा ड्रॉपवरच होते. वेटेज मात्र दहा-वीस कॉलवर जोखू नका, निदान काही शे कॉल सोडा.