कपातलं माप ग्रॅममध्ये कसं बदलायचं

केकची पाककृती कपांत दिलेली आणि हाताशी वजनकाटा, अशा वेळी ‘1 कप म्हणजे इतके ग्रॅम’ हा एकच आकडा सगळ्या जिन्नसांना लावून चालत नाही. कपाने आकारमान मोजलं जातं, काट्याने वजन. 240 मिलीच्या एकाच कपात मैदा साधारण 125 ग्रॅम बसतो, साखर 200 आणि मध 340 ग्रॅमच्या घरात जातो. म्हणून हिशोब प्रत्येक जिन्नसाचा वेगळा करायचा.

आधी कप किती मोठा ते बघा

अमेरिकी कप 237 मिलीचा, व्यवहारात 240 धरतात. ऑस्ट्रेलियातला 250 चा, जपानमधला 200 चा. टेबलस्पून बहुतेक ठिकाणी 15 मिली, पण ऑस्ट्रेलियात 20. टीस्पून 5 मिली धरायचा.

आपल्याकडच्या कपाबद्दल शंका असेल तर तो रिकामा काट्यावर ठेवा, काटा शून्यावर आणा आणि कप काठोकाठ पाण्याने भरा. 1 मिली पाणी म्हणजे 1 ग्रॅम, त्यामुळे काट्यावर 236 आलं तर कप 236 मिलीचा. चहाचाच कप मापाला वापरणाऱ्यांनी तर ही परीक्षा घ्यायलाच हवी.

मग गुणाकार

240 मिलीच्या कपाला पिठीसाखर 120 ग्रॅम, दाबून भरलेली ब्राउन शुगर 215 च्या आसपास, कोको पावडर 85 ते 100, लोणी 227, तेल 218, दूध 245. पाककृतीत दीड कप साखर असेल तर 300 ग्रॅम, झालं. पाककृती 250 मिलीच्या कपाची असेल तर प्रत्येक आकडा 4 टक्क्यांनी वाढवा. मैदा 125 ऐवजी 130. आलेलं उत्तर जवळच्या 5 च्या पटीत आणलं तरी चालतं. लोणी 227 ऐवजी 225 घेतलं म्हणून केक बिघडत नाही.

घोळ होतो तो मैद्याचा

साखरेचे दाणे कसेही भरा, वजन फारसं हलत नाही. मैदा मात्र दबतो. डब्यात कप खुपसून भरला तर 140 ते 150 ग्रॅम येतो. चमच्याने हलक्या हाताने भरून वरून सुरीने सपाट केला तर 120 ते 125. तीन कप मैद्याच्या केकमध्ये ही तफावत अर्ध्या कपापर्यंत सहज जाते आणि केक कोरडा, घट्ट होतो. पाककृती लिहिणाऱ्याने स्वतःच्या कपाचं वजन कुठे दिलं असेल तर तेच प्रमाण माना. काहीच दिलं नसेल तर 125 धरा.

शब्दांचा क्रमही नीट वाचा. ‘1 कप चाळलेला मैदा’ म्हणजे आधी चाळून मग मोजलेला, तो 110 ग्रॅमच्या आसपास भरतो. ‘1 कप मैदा, चाळून’ म्हणजे मोजून झाल्यावर चाळायचा, तेव्हा 125.

चमच्यातलं चमच्यातच ठेवा

बेकिंग पावडर, सोडा, मीठ, इसेन्स यांचं रूपांतर करायच्या भानगडीत पडू नका. घरातला काटा बहुधा 1 ग्रॅमच्या टप्प्याने चालतो. 3 ग्रॅम सोड्याचे त्यावर 2 झाले की 4, हे खात्रीने कळत नाही. टीस्पून इथे जास्त भरवशाचा.

औंस दिसले तर थांबा, कारण ते दोन प्रकारचे असतात. वजनाचा औंस 28.35 ग्रॅमचा, द्रवाचा औंस साधारण 30 मिलीचा. पाण्यात दोन्ही जवळपास जुळतात, मधात नाहीत: 8 द्रव औंस मध वजनाला 12 औंस भरतो.

उलटं करायचं असेल तर

पाककृती ग्रॅममध्ये आहे आणि काटा नाही, तर भागाकार करा. 350 ग्रॅम मैदा भागिले 125 म्हणजे 2.8 कप. पावणेतीन कपांत 344 ग्रॅम झाले, उरले 6. मैद्याचा सपाट टेबलस्पून 8 ग्रॅमचा, तेव्हा पावणेतीन कप आणि वर जेमतेम भरलेला एक टेबलस्पून घ्या. मैदा अर्थातच चमच्याने, हलक्या हाताने भरायचा.