आधी साळावलीचं धरण, मग व्याकरण

गोव्यात फोंड्याला मी एम. ई.च्या, म्हणजे अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर वर्गातल्या मुलांना इंग्रजी बोलायला शिकवते. बरीचशी सत्तरी, पेडण्याकडची; प्राथमिक शाळा मराठीतून, पुढचं सगळं इंग्रजीतून. वाचतात उत्तम, लिहितातही. सेमिनारला उभी राहिली की मात्र स्लाइड वाचून दाखवतात.

असा वर्ग घेणार असाल तर स्वतःची ओळख करून द्यायला लावू नका. ती प्रत्येकाची पाठ असते. त्यांच्या विषयातलं काहीतरी द्या. सिव्हिलवाल्यांना मी साळावली धरणाचा सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर सोडणारी वाट, देते. तो बदकाच्या चोचीसारखा वळवलेला का? जागा तेवढीच राहून काठाची लांबी वाढते, म्हणून पातळी थोडी चढली तरी भरपूर पाणी बाहेर पडतं. हे समोरच्याला इंग्रजीतून सांगायचं, आणि समोरचा दुसऱ्या शाखेचा हवा, म्हणजे त्याला खरोखरच समजावून घ्यायचं असतं.

पहिल्यांदा चार मिनिटं. मग जोडीदार बदलून तेच तीन मिनिटांत, पुन्हा बदलून दोन मिनिटांत. हातात कागद नको. तिसऱ्या फेरीपर्यंत काय सांगायचं ते पक्कं झालेलं असतं, त्यामुळे सगळं लक्ष भाषेकडे जातं आणि वाक्यं सलग येऊ लागतात. सुरुवातीला मुद्दे कोकणीत किंवा मराठीत ठरवू द्या; वर्गात फक्त इंग्रजीच, हा हट्ट मला पटत नाही. बोलताना कुणाला मध्येच टोकू नका. चुका वहीत टिपा आणि शेवटी दोनच घ्या, अर्थ बिघडवणाऱ्या.

उच्चारात परदेशी ढंगाच्या मागे लागू नका, आघाताकडे बघा. मराठीत आघात बदलून अर्थ बदलत नाही, त्यामुळे आपला कान त्याला सरावलेला नसतो. 'टेक्निकल'मध्ये जोर 'टेक'वर, 'टेक्नॉलॉजी'त 'नॉ'वर, 'टेक्निशियन'मध्ये 'नि'वर. तिथे बाकावर थाप मारून म्हणायला लावा. 'इक्विपमेंट', 'कंपोनंट', 'डेव्हलप' यांत दुसऱ्या अवयवावर (सिलॅबलवर) थाप.

तोंडी परीक्षेची तयारी वेगळी करा. प्रश्न कळला नाही की मुलं गप्प होतात आणि परीक्षकाला वाटतं, विषयच येत नाही. म्हणून 'डू यू मीन द क्रेस्ट लेंग्थ, ऑर द हेड?' (सांडव्याच्या काठाची लांबी, की काठावरची पाण्याची उंची?) असं उलट विचारायची सवय लावा. सरावाला मी प्रश्न मुद्दाम अर्धवट विचारते. 'सॉरी, टीचर?' एवढ्यावर भागू देत नाही. काय कळलं नाही ते नेमकं विचारलं, तरच पुढे सांगते.