चहाचे गिफ्ट बॉक्स आणि चहाच्या चवीचा खाऊ: या चुका टाळा

सणासुदीचे दिवस जवळ आले की नव्याने दुकान टाकलेल्यांचे फोन सुरू होतात. ताई, चहाला कसलातरी वास येतोय. ताई, कुकीजला चहाची चवच लागत नाहीये. ताई, माचाचे, म्हणजे ग्रीन टीच्या त्या बारीक हिरव्या पावडरीचे, गठ्ठे झालेत. प्रश्न दरवर्षी तेच, फक्त विचारणारे बदलतात. बहुतेक वेळा चहा चांगलाच असतो, घोळ होतो तो घाईत. म्हणून आता एकदाच सगळं लिहून काढते, यापुढे कोणी विचारलं की हेच वाचायला देणार.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे एका बॉक्समध्ये सगळं कोंबणं. चहापत्ती आजूबाजूचा वास ओढून घेते हे सगळ्यांना तोंडपाठ असतं आणि पॅकिंगच्या दिवशी सगळे विसरतात. जास्मिन टी बनतो तोच मुळी याच्या जोरावर. ग्रीन टीमध्ये मोगऱ्याच्या ताज्या कळ्या रात्रभर मिसळून ठेवतात, कळ्या उमलतात, पत्ती तो वास धरते, आणि चांगल्या प्रतीच्या चहाला हेच परत परत नवीन फुलं घेऊन करतात. जी पत्ती एका रात्रीत मोगरा धरते ती पंधरा दिवसांत शेजारच्या सुगंधी मेणबत्तीचा वास धरणार नाही असं कसं वाटतं लोकांना, मला कळत नाही.

ओळखीतल्या एका मुलीने पहिल्याच सीझनला ऑफिसची मोठी ऑर्डर घेतली. बॉक्समध्ये व्हाइट टी (कोवळ्या कळ्या-पानांचा नाजूक चहा), अर्ल ग्रे (बर्गमॉट या संत्र्यासारख्या फळाच्या सालीचा वास दिलेला ब्लॅक टी) आणि लॅपसँग सूचाँग, सोबत घरी केलेल्या बटर कुकीज. दिसायला एकदम देखणं प्रकरण. पण चहा भरला होता खिडकीवाल्या साध्या कागदी पाऊचमध्ये आणि कुकीज पातळ प्लास्टिकमध्ये, वर नुसती रिबन. आता लॅपसँग म्हणजे चीनच्या वुयी डोंगरांतला, पाइनच्या लाकडाच्या धुरावर वाळवलेला चहा, पाकीट उघडलं की शेजारी शेकोटी पेटल्यासारखं वाटतं. हिने बॉक्स दोन आठवडे आधीच बंद करून थप्पी लावून ठेवली, नंतर धावपळ नको म्हणून. मग तिचा फोन, "ताई, लोक म्हणतायत कुकीज करपल्यात." मी विचारलं, करपलेल्या दिल्यास का? "नाही हो, फोटो बघा ना, पांढऱ्याफटक आहेत!" एक बॉक्स मागवला, झाकण काढलं आणि सगळं कळलं. कुकीजला धूर, व्हाइट टीला धूर, अर्ल ग्रेमधला बर्गमॉट नावालासुद्धा उरला नव्हता, रिबनपण धुरकटलेली. बटर वास धरण्यात चहाच्या मागे नाही हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. एका माणसाने तर स्मोक्ड कुकीज आवडल्या, अजून मिळतील का असं विचारलं म्हणे. बाकीच्यांना नवीन बॉक्स द्यावे लागले, नफा तिथेच संपला.

माझी सवय अशी की प्रत्येक चहा आधी फॉइलच्या पाऊचमध्ये सील होतो, मग त्यावर कागद, रिबन, काय नटवायचं ते नटवा. धुराचा, पुदिन्याचा आणि मसाल्याचा चहा सगळ्यात शेवटी भरते, चमचा वेगळा, टेबल वेगळं. खाऊ एअरटाइट डब्यात. पत्र्याचा नवीन डबा असेल तर आधी धुऊन, कोरडा करून, उघडा ठेवायचा, कारण नव्या डब्यालासुद्धा वास असतो. आणि मेणबत्ती, साबण, अत्तराचा स्प्रे मारलेला कागद यांना चहाच्या बॉक्समध्ये जागा नाही. गिऱ्हाइकाने आग्रह धरला तर वेगळ्या पिशवीत देते.

पारदर्शक काचेच्या बरण्या फोटोत छान दिसतात. उजेडाने चहा खराब होतो. विषय संपला.

दुसरी चूक खाऊची आणि ती मला जास्त चीड आणते, कारण ती निव्वळ आळसातून होते. चहाच्या चवीच्या कुकीज करायच्या म्हणून लोक कडक कोरा चहा उकळतात आणि तो पिठात ओततात. चव येते कडू, पीठ होतं चिकट, मग त्यात अजून मैदा, मग कुकी दगड. अहो, चहाचा सुगंध ज्या गोष्टींमुळे येतो त्यातल्या बऱ्याचशा फॅटमध्ये छान उतरतात आणि कडू-तुरट भाग उतरतो गरम पाण्यात. बटरमध्ये ८० टक्क्यांच्या आसपास फॅटच असतं, म्हणजे काम करणारी वस्तू समोरच पडलीये आणि तुम्ही पाणी उकळत बसलाय. बटर मंद आचेवर वितळवा, पत्ती घाला, उकळू देऊ नका, गॅस बंद करून झाकण ठेवा आणि अर्धा तास त्याला हात लावू नका. मग गाळा.

आणि इथेच घाईवाले परत पडतात. पत्ती बटर पिते, त्यामुळे गाळल्यावर बटर कमी भरतं, तर परत वजन करा आणि जेवढं कमी तेवढं साधं बटर घाला. नाहीतर गोळाच होत नाही आणि दोष रेसिपीला. शिवाय ते बटर परत थंड करून मऊसर घट्ट होऊ द्यावं लागतं. वितळलेल्या बटरमध्येच साखर फेटून लगेच ट्रे ओव्हनमध्ये ढकलला तर कुकीज पसरून एकमेकींना चिकटतात, असे फोटो मला कितीतरी जणांनी पाठवलेत, खाली "काय चुकलं?" विचारत. वाट बघायची राहिली, एवढंच.

पत्ती थेट पिठात घालायची असेल तरी चालतं, अर्ल ग्रेला तर मस्तच लागते, पण मिक्सरमधून बारीक करून. अख्खी पत्ती दातात अडकते आणि खाणारा पाला चावतोय असं तोंड करतो. टी बॅगमधली चहाची भुकटी आधीच बारीक असते, या कामाला ती मला महागड्या अख्ख्या पत्तीपेक्षा बरी वाटते, लोक नाकं मुरडतात, मुरडू देत.

चॉकलेटचंही असंच. वितळलेल्या चॉकलेटमध्ये दोन चमचे कोरा चहा टाकला की ते घट्ट आणि रवाळ होऊन बसतं, कारण एवढं थोडं पाणी त्याला चालतच नाही. ट्रफल, म्हणजे चॉकलेट-क्रीमचे मऊ गोळे, करायचे तर चहा क्रीममध्ये मुरवा, मी तर थंड क्रीममध्ये पत्ती घालून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवते, तुरटपणा खूप कमी येतो. सकाळी गाळा, परत वजन करा (हो, परत), मग गरम करून चॉकलेटवर ओता. जास्वंदीचा चहा क्रीममध्ये नको, आंबट असतो, फाटतं.

माचा चाळल्याशिवाय कशातही घालू नका. गठ्ठे फोडत बसण्यापेक्षा चाळणी फिरवायला एक मिनिट लागतो. पाकीट उघडल्यावर तो लवकर संपवायचा, हवा आणि उजेड लागला की हिरवा जाऊन मातकट होतो, ओव्हन फार तापला तरी तेच. ट्रफल माचात घोळवायचे असतील तर देण्याच्या दिवशी, नाहीतर पावडर ओल ओढते आणि गडद डाग पडतात.

घरी मिक्स बनवणाऱ्यांनी हे नीट वाचा. ताजी लिंबाची साल, ताजं आलं, ओलसर फुलं चहात मिसळून बरणी बंद करणं म्हणजे बुरशीला आमंत्रण. साल वाकवल्यावर कट्कन तुटली पाहिजे, वाकली तर अजून वाळवा. आल्याऐवजी सरळ सुंठ वापरा. दालचिनी-वेलचीचे जड तुकडे तळाशी जातात, तेव्हा पाकिटं भरताना मिश्रण सारखं ढवळत राहा, नाहीतर पहिल्या गिऱ्हाइकाला नुसती पत्ती आणि शेवटच्याला नुसता मसाला.

लेबलवर "एन्जॉय युवर टी" छापतात आणि कामाचं काहीच नाही. किती ग्रॅम, किती पाणी, किती गरम, किती मिनिटं, एवढं लिहा. ग्रीन टीला ७५-८० अंश, ब्लॅक टीला उकळतं पाणी. ग्रीन टीवर उकळतं पाणी ओतून कडू झाला की लोक तुमच्या चहाला नावं ठेवतात, स्वतःच्या किटलीला नाही. खाऊत दूध, गहू, सुकामेवा काय आहे ते लिहा, आणि चहा आहे म्हणजे कॅफीन आहे हेपण, कारण कुकी बघून ती आधी लहान मुलांच्याच हातात जाते. सुटी पत्ती देताय तर सोबत छोटं गाळणं टाका, घेणाऱ्याकडे असेलच असं नाही.

आणि ऑर्डर घेतानाच विचारा की बॉक्स उघडणार कधी. सुका चहा आधी भरून ठेवला तरी चालतो, कुकीज त्या आठवड्यात भाजा, क्रीमचे ट्रफल अगदी शेवटी आणि फ्रिजमध्ये. ट्रफल आणि कुकीज एकाच डब्यात बंद करू नका, ट्रफलच्या ओलीने कुकीज सादळतात. महिनाभर आधी सगळं तयार पाहिजे म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला मी फक्त चहा देते, खाऊ देत नाही, मग तो रागावला तरी चालेल.