होमगार्डमध्ये जायचंय? आपल्या कोकणातल्या पोरापोरींसाठी

गणपती जवळ आले की गावातली चार पोरं तरी विचारतातच, दादा होमगार्डमध्ये कसं जायचं, म्हणून एकदाच नीट लिहितो.

पहिलं म्हणजे ही नोकरी नाही, पोलिसांच्या मदतीला उभं राहायची स्वयंसेवा आहे. पगार नाही, बंदोबस्ताला बोलावलं तेवढ्या दिवसांचा भत्ता. 2024 मध्ये तो दिवसाला 570 वरून 1083 रुपये केला, चांगलंच झालं, पण मधे महिने कोरडेही जातात, तेव्हा बाग, होडी, रिक्षा जे काय चालू असेल ते सोडू नका. तीन वर्षं सेवा झाली की पोलीस, वनखातं, अग्निशमन भरतीत 5 टक्के आरक्षण मिळतं, ते मात्र खरं आहे.

जिल्ह्याची भरती निघाली की फॉर्म ऑनलाईन. तुम्ही राहता त्याच पोलीस ठाण्याच्या हद्दीतल्या जागेसाठी भरायचा. वय 20 ते 50, दहावी पास, उंची पुरुषांना 162 सेंमी आणि महिलांना 150, पुरुषांची छाती 76 आणि फुगवून 5 सेंमी जास्त. धावायला पुरुषांना 1600 मीटर, महिलांना 800, गोळा 7.26 किलो आणि 4 किलो. कागदं म्हणजे आधार, दहावीचं सर्टिफिकेट, जन्मतारखेचा पुरावा, खाजगी नोकरी असेल तर मालकाचं ना हरकत पत्र, आणि पोलिसांचा चारित्र्य दाखला, तो तीन महिन्यांच्या आतला लागतो, म्हणून जुना घेऊन जाऊ नका.

धावायची प्रॅक्टिस आपण सगळेच ओहोटीला किनाऱ्यावर करतो, दम वाढायला मस्त, पण शेवटचे पंधरा दिवस शाळेच्या मैदानावर बूट घालून पळा, वाळूवरचा वेग आणि मैदानावरचा वेग वेगळा असतो.

आता खरं अवघड काय ते. आपल्याकडे सगळ्यात मोठा बंदोबस्त गणपतीतच, चाकरमानी उतरतात, हायवे तुंबतो, बाजारात पाय ठेवायला जागा नाही, आणि नेमका तेव्हा तुमच्याही घरी गणपती बसलेला असतो. मी पहिल्या वर्षी विसर्जनाच्या दिवशी खाडीच्या घाटावर पॉईंटला, म्हणजे नेमून दिलेल्या जागी, उभा होतो आणि आमचा गणपती माझ्यासमोरूनच पाण्यात गेला, चुलतभावाच्या डोक्यावरून. हात जोडले आणि परत गर्दीकडे वळलो. शिमग्यातही तेच, पालखी आपल्या दारात आणि आपण दुसऱ्या गावात. म्हणून फॉर्म भरायच्या आधी घरी बसून बोला, आरती कोण करणार, आईबाबांना कोण बघणार, हे ठरवूनच या. न ठरवता आलेले पहिल्याच सणाला दांड्या मारतात आणि त्यांचा पॉईंट दुसऱ्याला ओढावा लागतो.

दुसरं, ड्युटीवर बोलावलेलं असताना होमगार्डला कायद्याने पोलिसासारखेच अधिकार असतात, पण समोर दारू पिऊन उभा असलेला तुमचाच वाडीतला, नात्यातला निघतो. आवाज चढवू नका, बाजूला घ्या, नावाने हाक मारा, नाहीच ऐकलं तर अंमलदाराला सांगा. बाहेरून आलेल्या पोलिसाला जे जमणार नाही ते तुम्हाला जमतं, कारण तुम्हाला त्याचं घर माहितीये. साप्ताहिक कवायत चुकवू नका, ओळख आणि शिस्त तिथेच बनते.

उंचीत बसत नाही म्हणून नाराज होऊ नका. किनाऱ्यावरच्या गावात असाल तर पोलीस ठाण्यात जाऊन सागर रक्षक दलाबद्दल, म्हणजे किनाऱ्यावर नजर ठेवायला पोलिसांना मदत करणाऱ्या गावकऱ्यांच्या गटाबद्दल, विचारा. 1993 च्या मुंबई बॉम्बस्फोटांचं आरडीएक्स श्रीवर्धनजवळ शेखाडीला होडीतूनच उतरलं होतं, त्यामुळे कुठली होडी आपल्या बंदरातली आणि कुठली परकी हे ओळखणारा माणूस तिथे हवाच असतो. अनोळखी होडी दिसली तर सागरी सुरक्षेच्या 1093 या हेल्पलाईनवर फोन, आत्ताच सेव्ह करा.